संगणक-चिपचा बाजार : टंचाई आणि महापूर

२०२१ सालचा सप्टेंबर महिना. गणेशोत्सवाचे दिवस सुरू होते आणि दसरा-दिवाळी जवळ येत चालली होती. वाहनखरेदीचा हा खरा हंगाम. विक्रेत्यांकडे गिऱ्हाइकांची नोंदणी होती. कारखान्यांत पोलाद, रबर, काच यांची वाण नव्हती. कामगारही हजर होते. तरीही मारुती सुझुकी कंपनीला त्या महिन्यातील उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असे जाहीर करावे लागले. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने आपल्या मोटार विभागाचे उत्पादन सुमारे सात दिवस बंद राहील, असे कळविले. चाकण आणि नाशिक येथेही या कंपनीचे मोटारींचे कारखाने असल्याने महाराष्ट्रालाही या संकटाची झळ पोहोचली. हे सारे अडले होते ते नखाएवढ्या आकाराच्या एका वस्तूवाचून. ती वस्तू म्हणजे चिप. लाखो रुपयांचे वाहन काहीशे रुपयांच्या भागासाठी अडून बसावे, हे दृश्य विचार करावयास लावणारे होते.

यानंतर दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, चिप-उद्योगातून अगदी उलट बातम्या येऊ लागल्या. संगणकात आणि दूरध्वनियंत्रांत वापरल्या जाणाऱ्या स्मृति-चिपचा एवढा साठा झाला की भाव कोसळले आणि दक्षिण कोरियातील बलाढ्य कंपन्यांनाही या धंद्यात प्रचंड तोटा सोसावा लागला. पुढे २०२५ च्या उत्तरार्धात याच स्मृति-चिपचे भाव पुन्हा कडाडले. आज टंचाई, उद्या महापूर आणि परवा पुन्हा टंचाई, असे या बाजारात का होते? मागणी वाढली की भाव वाढतो आणि पुरवठा वाढला की भाव उतरतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा सर्वांनाच ठाऊक असतो. परंतु तेवढ्याने या प्रश्नाचा उलगडा होत नाही. त्यासाठी चिप कशी तयार होते, हे प्रथम पाहावयास हवे.

वाळूपासून चिपपर्यंत

चिपचा मूळ पदार्थ सिलिकॉन. तो वाळूत आणि गारगोटीत विपुल सापडतो. म्हणून कच्च्या मालाच्या दुर्मिळतेमुळे चिप महाग होते, असे म्हणता येत नाही. अत्यंत शुद्ध केलेल्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या कापल्या जातात. त्यांना या धंद्यात वेफर म्हणतात. आधुनिक कारखान्यांत अशा चकतीचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाएवढा असतो. प्रकाश, रसायने आणि वायू यांच्या साहाय्याने या चकतीवर एकावर एक थर देऊन अतिसूक्ष्म विद्युत्-मंडले उमटविली जातात. ही प्रक्रिया शेकडो टप्प्यांची असते आणि तिला साधारणपणे तीन महिने लागतात. एका चकतीतून शेकडो चिप निघतात. धुळीचा एक कणही चिप निकामी करू शकतो. म्हणून कारखान्यातील हवा शस्त्रक्रियागृहापेक्षाही स्वच्छ ठेवावी लागते.

असा अद्ययावत कारखाना उभारण्यास १० ते २० अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ लाखभर कोटी रुपये किंवा त्याहूनही अधिक भांडवल लागते. जागा ठरल्यापासून पहिला माल बाहेर पडेपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात आणि चिपच्या भावाचे सारे रहस्य त्या दोहोंत आहे. पहिली गोष्ट म्हणजे निर्णय आणि पुरवठा यांमधील दीर्घ अंतर. दुसरी गोष्ट म्हणजे खर्चाचे स्वरूप. जवळजवळ सर्व खर्च कारखाना उभा करतानाच होऊन गेलेला असतो. त्यानंतर आणखी एक चिप काढण्याचा खर्च त्या मानाने अगदी थोडा असतो. म्हणून भाव पडला तरी कारखानदार यंत्रे थांबवीत नाही. मिळेल त्या भावाने माल विकून व्याजाचा भार जेवढा हलका होईल तेवढा करावा, असाच तो विचार करतो. सर्वांनीच असा विचार केला की पडलेला भाव आणखी पडतो.

उताऱ्याचे महत्त्व

महाराष्ट्रात साखर कारखान्याचा उतारा कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. टनभर उसातून साखर किती निघाली, यावर कारखान्याचे गणित बसते किंवा बिघडते. चिपच्या धंद्यातही असाच एक उतारा असतो. एका चकतीवरील शंभर चिपपैकी किती निर्दोष निघाल्या, हा तो हिशेब होय. नवी चिप काढावयास घेतली की प्रारंभी निम्म्याहून अधिक चिप टाकून द्याव्या लागण्याचाही प्रसंग येतो. जसजसा अनुभव वाढतो, तसतसा उतारा वाढतो आणि चकती तीच, यंत्रे तीच असूनही दर चिपमागील खर्च उतरतो.

या उद्योगाच्या बाल्यावस्थेतच हे दिसून आले. जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस या दोघा अमेरिकनांनी १९५८-५९ च्या सुमारास एकाच तुकड्यावर संपूर्ण विद्युत्-मंडल बसविण्याची कल्पना स्वतंत्रपणे सिद्ध केली. १९६२ मध्ये अशा चिपची सरासरी किंमत सुमारे ५० डॉलर होती आणि अमेरिकेचे संरक्षण खाते व चंद्रयात्रेची तयारी करणारी अंतराळ संस्था हीच प्रमुख गिऱ्हाइके होती. १९६८ पर्यंत हीच किंमत अडीच डॉलरांच्या आत आली आणि चिप खाजगी उद्योगांच्या आवाक्यात आली. शासनाने मोठ्या प्रमाणावर खरेदी केली म्हणून उत्पादन वाढले. उत्पादन वाढले म्हणून उतारा सुधारला. उतारा सुधारला म्हणून भाव उतरला. आणि भाव उतरला म्हणून नवी मागणी निर्माण झाली. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये, एका चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल, असे भाकीत केले आणि १९७५ मध्ये त्यात दुरुस्ती करून हा काळ दोन वर्षांचा मानला. दीर्घ मुदतीत चिपचा भाव सतत उतरत आला, त्याचे कारण हे आहे. थोड्या मुदतीत तो वर-खाली का उसळतो, हा प्रश्न मात्र निराळा आहे.

कांदा आणि चिप

लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव चढला की पुढील हंगामात लागवड वाढते. तो सारा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. पोळलेला शेतकरी पुढच्या खेपेला लागवड कमी करतो आणि भाव पुन्हा चढतो. लागवड आणि काढणी यांच्यामध्ये काही महिने जातात. शेतकरी आजचा भाव पाहून लागवड करतो, परंतु त्याचा माल उद्याच्या भावाने विकला जातो. अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये अशा हेलकाव्यांना कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली, कारण भाव आणि पुरवठा यांचा आलेख काढला असता तो जाळ्यासारखा दिसतो.

चिपचा बाजार हा याच जातीचा आहे. फरक एवढाच की येथील हंगाम काही महिन्यांचा नसून काही वर्षांचा असतो. टंचाईच्या वर्षी नफा भरघोस होतो. त्या नफ्याच्या जोरावर सर्व कंपन्या एकाच वेळी नवे कारखाने काढतात. दोन-तीन वर्षांनी त्या सर्वांचा माल एकदम बाजारात येतो. कांदा चाळीत साठवला तर सडतो. चिप सडत नाही, परंतु तिच्यापेक्षा सरस आणि स्वस्त चिप येताच तिचे मोल उतरते. म्हणून चढ्या भावाची वाट पाहत माल दीर्घकाळ धरून ठेवणे येथेही धोक्याचे असते. सारांश, आज दिसणारा चिपचा भाव हा आजच्या मागणीइतकाच दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयांचाही परिणाम असतो.

अनुभवाची साक्ष

१९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांनी स्मृति-चिपचे कारखाने मोठ्या प्रमाणावर काढले. १९८५ मध्ये मागणी मंदावली आणि भाव कोसळले. डी-रॅम या नावाने ओळखली जाणारी स्मृति-चिप १९७० मध्ये प्रथम यशस्वीपणे बाजारात आणणाऱ्या इंटेल कंपनीनेच त्या वर्षी या चिपचा धंदा सोडून दिला. १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्या शासनांत करार झाला आणि जपानी चिप ठरावीक किमतीखाली विकली जाऊ नये, असे ठरले. परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा झाला. जपानी कंपन्यांनी उत्पादनाला आळा घातला, तोच संगणकांची मागणी वाढली आणि १९८८ पर्यंत स्मृति-चिपची तीव्र टंचाई जाणवू लागली. चढ्या भावाचा बोजा अमेरिकेतील संगणक-निर्मात्यांवर पडला. फायदा जपानी कंपन्यांना आणि १९८३ मध्ये या क्षेत्रात उतरलेल्या कोरियाच्या सॅमसंग कंपनीला झाला. भावाला आधार देण्याचा हेतू सफल झाला, परंतु ज्यांच्यासाठी तो दिला त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

भीती ही देखील भाव ठरविणारी शक्ती आहे, हे १९९३ मध्ये दिसले. जुलै महिन्यात जपानमधील निइहामा येथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. चिपचे वेष्टन करण्यास लागणाऱ्या विशिष्ट राळेच्या जगातील पुरवठ्यापैकी सुमारे ६० टक्के पुरवठा तेथून होत असे. चिपचा एकही कारखाना बंद पडलेला नसताना स्मृति-चिपचे भाव काही दिवसांतच भडकले. हाती असलेला साठा आणि इतर ठिकाणचे उत्पादन यांमुळे अनर्थ टळला. व्यापाऱ्यांनी मात्र न आलेल्या टंचाईची किंमत वसूल करून घेतली. त्यानंतर भरभराटीच्या वर्षांत काढलेल्या कारखान्यांचा माल १९९६ मध्ये बाजारात आला आणि एका वर्षात स्मृति-चिपचा भाव जवळजवळ पाव हिश्श्यावर येऊन ठेपला.

थोडे विक्रेते, अनेक गिऱ्हाइके

कांदा पिकविणारे शेतकरी लाखो असतात. चिपचे तसे नाही. प्रत्येक मंदीत काही कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. जर्मनीतील किमोंडा कंपनीने २००९ मध्ये आणि जपानच्या एल्पिडा कंपनीने २०१२ मध्ये दिवाळे काढले. त्यानंतर डी-रॅमच्या जागतिक पुरवठ्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग सॅमसंग, एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती एकवटला.

विक्रेते थोडे असले की संगनमताचा मोह उत्पन्न होतो. १९९९ ते २००२ या काळात डी-रॅमचे भाव आपसात ठरविल्याबद्दल अनेक कंपन्यांनी अमेरिकेत गुन्हा कबूल केला. २००५ मध्ये सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. अर्थात उत्पादन कमी करणारी प्रत्येक कंपनी गुन्हा करीत असते, असे नव्हे. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये या कंपन्यांनी तोटा आवरण्यासाठी आपापले उत्पादन घटविले. स्वतःच्या जबाबदारीवर उत्पादन घटविणे हा व्यापार आहे. गुप्तपणे एकत्र बसून भाव ठरविणे हा गुन्हा आहे. या दोहोंतील सीमारेषा सांभाळणे हे शासनाचे काम होय.

मोटारी का अडल्या?

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या प्रसंगाकडे वळू या. २०२० च्या पूर्वार्धात महामारीमुळे वाहनांचा खप थांबला, तेव्हा जगभरातील मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम आणि घरून शिक्षण सुरू झाल्याने संगणकांचा खप वाढला आणि मोकळी झालेली कारखान्यांची क्षमता दुसऱ्या गिऱ्हाइकांनी व्यापली. त्या वर्षाच्या अखेरीस मोटार कंपन्या परत आल्या, तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. चिपच्या एकूण विक्रीत मोटारींचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे त्यांचा शब्दही मोठा नव्हता. लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच माल मागविण्याची त्यांची रीत असल्याने गाठीशी साठा नव्हता. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सस राज्यात हिमवादळामुळे वीज गेली आणि तेथील चिपचे कारखाने थांबले. मार्चमध्ये जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यात आग लागली.

याहून खोल कारण आणखी एक होते. मोटारीत लागणाऱ्या बहुतेक चिप जुन्या, स्थिरावलेल्या तंत्राच्या असतात. त्यांचा भाव कमी आणि नफाही बेताचा. म्हणून नवे भांडवल नव्या तंत्राकडे जाते आणि जुन्या तंत्राचे कारखाने वाढविण्यास कोणी पुढे येत नाही. वस्तू स्वस्त आहे म्हणून ती सहज मिळेल, हा समज येथे खोटा ठरला.

टंचाईने मागणीचे आकडेही फसवे केले. रासायनिक खताची टंचाई भासली की एकच शेतकरी तीन दुकानांत नाव नोंदवितो. त्याची गरज तिप्पट झालेली नसते, परंतु दुकानदारांच्या वह्यांत ती तिप्पट दिसते. चिपच्या बाजारातही कंपन्यांनी एकाच गरजेसाठी अनेकांकडे मागण्या नोंदविल्या. त्या फुगलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवून वाढविलेले उत्पादन आणि करून ठेवलेले साठे, हे २०२३ च्या अतिपुरवठ्याचे एक कारण ठरले.

नवी मागणी, नवी टंचाई

अलीकडच्या वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या विशाल संगणक-केंद्रांनी स्मृति-चिपची मागणी पुन्हा वाढविली आहे. या केंद्रांना एकावर एक रचलेल्या विशेष स्मृति-चिप लागतात. तेवढीच माहिती साठविणाऱ्या साध्या चिपच्या मानाने त्यांना चकतीचे क्षेत्र सुमारे तिप्पट लागते. एकाच जमिनीत ऊस वाढला की ज्वारी कमी होते, तसाच हा प्रकार आहे. अधिक नफ्याच्या चिपकडे चकत्या वळल्या आणि शाळेतील, कार्यालयातील व घरातील साध्या संगणकाला लागणारी स्मृति-चिप महाग झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर सामान्य ग्राहकांना स्मृति-चिप विकण्याचा आपला जुना व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

भारताचे प्रयत्न

चिपच्या निर्मितीचा विचार भारतात नवा नाही. पंजाबातील मोहाली येथे केंद्र शासनाच्या कारखान्यात १९८४ मध्ये चिपचे उत्पादन सुरू झाले होते. १९८९ मध्ये तेथे भीषण आग लागली आणि त्या उद्योगाची गती खुंटली. या धंद्यात काही वर्षे मागे पडणे म्हणजे उताऱ्याच्या, अनुभवाच्या आणि भांडवलाच्या शर्यतीत फारच मागे पडणे होय.

डिसेंबर २०२१ मध्ये, मोटार उद्योग टंचाईने ग्रासलेला असताना, केंद्र शासनाने या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जून २०२३ मध्ये गुजरातमधील साणंद येथील मायक्रॉन कंपनीच्या प्रकल्पास मंजुरी मिळाली. हा प्रकल्प चिपची जुळणी, वेष्टन आणि तपासणी यांसाठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेरा येथे टाटा समूह आणि तैवानची पॉवरचिप कंपनी यांच्या ९१,००० कोटी रुपयांच्या कारखान्यास संमती मिळाली. त्याची योजिलेली क्षमता महिन्याला ५०,००० चकत्यांची आहे आणि त्यात मोटारी, वीज-उपकरणे यांना लागणाऱ्या स्थिरावलेल्या तंत्राच्या चिपवर भर आहे. मोटारी ज्या चिपसाठी अडल्या त्याच वर्गातील चिप येथे तयार व्हावयाच्या आहेत, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

अशा प्रकल्पांच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून जातो. म्हणून त्यांचे मोजमाप कसे करावे, हे लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. टंचाईच्या वर्षी निघालेला कारखाना महापुराच्या वर्षी माल बाहेर काढील, हे संभवनीयच नव्हे तर या धंद्याच्या रीतीला धरून आहे. त्या वर्षी चिप परदेशातून स्वस्त मिळू लागली तर 'हा खर्च व्यर्थ गेला' अशी टीका होईल. पुन्हा टंचाई आली की 'आणखी कारखाने का काढले नाहीत' असा प्रश्न विचारला जाईल. दोन्ही वेळी बाजाराच्या एका क्षणाचेच चित्र डोळ्यांसमोर असेल. कारखान्याचा उतारा वर्षागणिक सुधारतो आहे काय, कुशल कामगार व तंत्रज्ञ तयार होत आहेत काय, आणि मंदीची दोन वर्षे काढण्याइतके बळ त्याच्यात आहे काय, हे प्रश्न भावाच्या आकड्याहून अधिक महत्त्वाचे आहेत.

खरेदी करणाऱ्यांनी काय पाहावे?

चिपचे कारखाने थोड्याच ठिकाणी निघतील. संगणकांची खरेदी मात्र गावोगाव होते. शाळा, ग्रामपंचायत आणि तालुक्याचे कार्यालय यांचे अंदाजपत्रक आदल्या वर्षीच्या दरांवरून तयार होते. ते दर अतिपुरवठ्याच्या वर्षातील असले आणि प्रत्यक्ष खरेदी टंचाईच्या वर्षात आली, तर मंजूर रकमेत दहा संगणकांऐवजी सात-आठच बसतात, किंवा दहा घेण्याच्या हट्टापायी स्मृति कमी असलेले यंत्र पदरात पडते आणि ते लवकरच निरुपयोगी ठरते. यावर रामबाण उपाय नाही. तथापि थोडी दूरदृष्टी उपयोगी पडते. सर्व खरेदी एकाच वर्षी न करता दोन-तीन वर्षांत विभागावी. ज्या यंत्रात पुढे स्मृति वाढविता येते, असे यंत्र निवडावे. चालू स्थितीतील जुनी यंत्रे टंचाईच्या वर्षी मोडीत न काढता दुरुस्त करून वापरावी. भाव उतरले असतील तेव्हा पुढील गरजेचा काही भाग भागवून घ्यावा. मात्र स्वस्ताईच्या मोहाने न लागणारा माल भरून ठेवू नये, कारण चिप जुनी होते.

नाशिक जिल्ह्यातील जाणता शेतकरी यंदाचा भाव चढा आहे म्हणून सारे शिवार कांद्याखाली घालीत नाही, आणि भाव पडला म्हणून रोपे उपटूनही टाकीत नाही. पाणी किती, चाळ केवढी, कर्ज किती सोसेल, याचा हिशेब मांडून तो लागवड ठरवितो. वाळूपासून घडणाऱ्या या नव्या पिकाबाबतही हाच हिशेब मांडावा लागणार आहे.